बारा बैठकांत मन कसं पालटतं? रावेरकडून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मोठे भाऊ सुरतला नोकरीला असतात, धाकटा भाऊ रावेर तालुक्यात केळीची बाग बघतो. दीड वर्षापूर्वी वडिलांच्या छातीत शेतातच कळ आली. धाकटाच गाडी चालवत त्यांना जळगावला नेत होता. वडील वाटेतच गेले. तेव्हापासून धाकट्याला झोप नाही, बागेत पाय ठेवत नाही, कोणी वडिलांचं नाव काढलं की उठून जातो. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मानसशास्त्रज्ञाकडे आठवड्याला एक अशा बारा बैठका ठरवून दिल्या. पहिल्या दोन बैठकांनंतर ‘एकदम फरक’ पडला. चौथीनंतर रात्री-बेरात्री रडणं आणि आईवर ओरडणं सुरू झालं. सहावीनंतर गप्पच झाला. घरचे म्हणतात, जखम उकरायची कशाला, बंद करा. हे बिघडणं आहे का, नुसतं बोलून बारा वेळात माणूस बदलतो तरी कसा, शेवटची बैठक नेमकी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर येते ते बरं की वाईट, घरच्यांनी काय करायचं आणि गोळ्या कधी थांबवायच्या, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, नाहीतर बाकीचं तुम्ही नीट वाचणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हे बिघडणं वाटत नाही. त्याला मी पाहिलेलं नाही, म्हणून छातीठोक काही सांगत नाही. पण दीड वर्ष रडू न आलेल्या माणसाला चौथ्या बैठकीनंतर रडू येणं आणि मग काही दिवस तो गप्प होणं, हा क्रम आमच्या मानसोपचाराच्या कामात ओळखीचा आहे. बैठका बंद करू नका. निदान त्याच्या थेरपिस्टशी, म्हणजे त्या मानसशास्त्रज्ञाशी, बोलल्याशिवाय तर नकोच.

घरचे लोक, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरसुद्धा, या उपचाराकडे ताप उतरण्यासारखं बघतात. काल एकशे दोन, आज शंभर, उद्या नॉर्मल. ‘किती टक्के फरक?’ हा प्रश्न आपल्याकडे इतका रुळलाय की पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून मोकळा होतो, ‘मॅडम, साठ टक्के.’ आम्हीही आकडे घेतो. नैराश्यासाठी पीएचक्यू-नाइन नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, ० ते २७ गुणांची, आणि ती कामाची आहे. पण ती गेल्या दोन आठवड्यांचा गोळाबेरीज हिशोब सांगते. त्या दोन आठवड्यांत माणूस तासातासाला कसा पालटत होता, कशानं पालटत होता, परत कसा येत होता, हे तिच्यात दिसत नाही. आणि थोड्या बैठकांच्या उपचारात बदल आधी तिथंच होतो. आकडा मागून हलतो.

तुमच्याच पत्रातून मला धाकट्याच्या तीन मनोवस्था दिसतात. एक, वडिलांचं नाव निघालं की ताडकन उठून जाणारा. दोन, मजुरी, खत, कापणी यांचं कामापुरतं बोलणारा. तो तुम्हाला बरा वाटतो. तीन, रात्री रडणारा, ओरडणारा. दीड वर्ष पहिल्या दोनच होत्या, तिसरी आता दिसायला लागली आहे. मनोवस्था म्हणजे नुसता मूड नव्हे. प्रत्येकीचा चेहरा वेगळा, आवाज वेगळा, स्वतःबद्दलचं मत वेगळं, आणि विशेष म्हणजे आठवणीसुद्धा वेगळ्या असतात. ‘मी गुन्हेगार’ या अवस्थेत असलेल्या मुलाला फक्त गाडी कुठं हळू झाली तेच आठवतं. त्याच मुलाला दुसऱ्या एखाद्या वेळी वडिलांनी बाजारात केलेली थट्टा आठवते. म्हणून ‘वडिलांच्या चांगल्या आठवणी काढ’ असं त्याला त्या घटकेला सांगून काही उपयोग नसतो. त्या अवस्थेत त्या आठवणी त्याच्या हाताशीच नसतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्डी होरोविट्झ या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात नेमका हाच अभ्यास केला. जवळचं माणूस अचानक गेलं, अपघात झाला, अशा धक्क्यात अडकलेल्या लोकांवर त्यांच्याकडे बारा बैठकांचा उपचार होत असे. बैठकांचं चित्रण पुन्हा पुन्हा बघून माणूस एका अवस्थेतून दुसरीत कधी घसरतो ते टिपायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी मनोवस्थांचे चार ढोबळ गट केले. माझ्या शब्दांत सांगते: बेलगाम झालेली, म्हणजे रडणं किंवा राग हाताबाहेर गेलेला. आवळून धरलेली, म्हणजे सगळं कसं व्यवस्थित, पण आत कोणी येऊ शकत नाही. तोल असलेली, म्हणजे दुःख आहे, बोलताही येतंय, समोरच्याचं ऐकूही येतंय. आणि चौथी डळमळती, म्हणजे तोंड हसतंय, डोळे भरलेत, हाताची मूठ वळलेली आहे, सगळं एकाच मिनिटात. धक्का बसलेलं मन आठवण घुसून येणं आणि बधिर होणं या दोन टोकांमध्ये हेलकावत राहतं, हेही त्यांनी सविस्तर मांडलं. तुमचा भाऊ दीड वर्ष बधिर टोकाला तळ ठोकून होता.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका उदाहरणातून दाखवते. खुणा बदलल्या आहेत, शिवाय दोघींच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, तेव्हा कोणी ओळखायच्या फंदात पडू नये.

पारोळ्याकडच्या एक ताई, अंगणवाडीत कामाला. नवरा धुळे-जळगाव महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्या सकाळी त्यांनीच त्याला एरंडोलला औषध आणायला पाठवलं होतं. पहिल्या बैठकीला आल्या त्या कॅरीबॅगेत फाइल घेऊन. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, विम्याचे कागद, सगळं तारखेवार लावलेलं. बोलणं असं, जणू पर्यवेक्षिकेला मासिक अहवाल देताहेत. ‘मिस्टर मयत झाले, त्यानंतर मुलाची शाळा बदलली, सध्या मी ठीक आहे.’ पाठ ताठ, पदर खोचलेला, नजर माझ्या टेबलावरच्या पेपरवेटवर. ही आवळून धरलेली अवस्था. तिला नावं ठेवू नयेत. तिनंच त्या बाईचं घर, नोकरी, पोरगा सांभाळला होता.

तिसऱ्या बैठकीत मी विचारलं, निघताना त्यांच्या अंगात काय होतं? ‘शर्ट. निळा.’ एवढं बोलून थांबल्या. गिळण्याचा आवाज मला ऐकू आला. मग एकदम अहिराणीत, अगदी बारीक आवाजात: ‘मीच धाडं त्यास्ले.’ म्हणजे, मीच पाठवलं त्यांना. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जात होतं, घट्ट, इतकं की बोटाचं पेर पांढरं पडलं. चार-पाच श्वास गेले असतील. मग पाठ पुन्हा ताठ झाली, पदर सुटला, आणि स्वच्छ प्रमाण मराठीत प्रश्न आला, ‘मॅडम, क्लेमचा अर्ज मराठीत चालतो ना?’

त्या पाऊण मिनिटात उपचाराचं निम्मं साहित्य आहे. कुठून कुठं गेल्या, कशानं गेल्या, किती वेळ टिकल्या, कोणत्या दारानं बाहेर पडल्या. नवशिका थेरपिस्ट इथं दोनपैकी एक गोष्ट करतो. क्लेमच्या प्रश्नाचं उत्तर देत बसतो, नाहीतर ‘तुम्ही विषय टाळताय’ म्हणून त्यांना कोपऱ्यात घेतो. मी त्यांना एवढंच म्हटलं की आत्ता आपण शर्टापाशी होतो आणि विम्यापाशी आलो. त्या हसल्या, डोळे भरलेले. ‘हां, आले खरी.’ ही झाली ती डळमळती अवस्था, आणि माझ्या अनुभवात कामाचं दार इथंच किलकिलं होतं. कारण माणूस पहिल्यांदा स्वतःचं पालटणं स्वतः बघतो.

थोडं विषयांतर, पण खान्देशात काम करणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पेशंट दवाखान्यात शिरताना शाळेतली मराठी अंगावर चढवतो. घरी अहिराणी, लेवा बोली, नंदुरबारकडचा असेल तर भिलोरी किंवा पावरी. भावना दाटली की बोली निसटून बाहेर येते, आणि आवरलं की पुन्हा प्रमाण भाषा. मला घड्याळ बघायची गरज पडत नाही. भाषा कधी बदलली यावरून अवस्था कधी बदलली ते कळतं. त्या क्षणी थेरपिस्टनं प्रमाण मराठीत प्रश्न टाकला तर पेशंट लगेच अहवाल द्यायला लागतो. मोडकीतोडकी का होईना, त्याच्याच बोलीत एखादं वाक्य बोलावं, नाहीतर गप्प बसावं.

पुढं पाचव्या की सहाव्या बैठकीत ताई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, ‘हेल्मेट खुंटीलाच होतं.’ मी काही बोलले नाही. जबडा आवळला गेला. आवाज खाली उतरला, जाड झाला. ‘हजारदा सांगितलं होतं. हजारदा. ऐकायचं नाही म्हणजे नाही.’ पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. जेमतेम अर्धा मिनिट हे चाललं, आणि मग त्या घाबरल्या. ‘गेलेल्या माणसाला असं बोलू नये.’ लगेच खांदे पडले, रडणं, आणि पुन्हा तेच: मीच धाडं.

इथं एक गोष्ट लक्षात आली असेल. अपराधीपणाची अवस्था कितीही दुखरी असली तरी ती त्यांच्यासाठी आसरा होती. दोष माझा म्हटलं की मेलेल्या नवऱ्यावर रागवायची वेळ येत नाही. शिवाय दोष माझा असेल तर जगात जे घडलं त्याला काहीतरी कारण आहे, ते उगीच घडलेलं नाही. त्यामुळे ‘तुमचा काही दोष नाही हो’ हे वाक्य, जे त्यांना शंभर लोकांनी सांगितलं होतं, ते आत जातच नव्हतं. दुखवट्याला येणारा प्रत्येक जण तेच बोलून चहा पिऊन गेला होता. मधल्या बैठकांचं काम एवढंच होतं की त्या रागाच्या अवस्थेत त्यांना थोडं जास्त वेळ बसता यावं, पळून न जाता. मी म्हटलं, ‘तुम्ही पाठवलं हेही खरं, आणि हेल्मेट खुंटीला होतं हेही खरं.’ त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात त्यांचं जावेशी कडाक्याचं भांडण झालं. अंगणवाडीत पोरांसमोर रडू आलं. त्यांच्या भावाचा मला फोन: ‘मॅडम, आमची बहीण बिघडली, आधी बरी होती.’ तुमच्या पत्रातलं वाक्य आणि हे वाक्य यात मला फारसा फरक दिसत नाही. अनेक वर्षं आवळून धरलेलं सैल होतं तेव्हा ते फक्त आमच्या खोलीत, साडेदहा ते साडेअकरा या वेळेत सैल होत नाही. घरी सांडतं. आणि राग कोणावर निघतो? जिथं निघायला धोका नाही तिथं. जाव, आई, बायको.

शेवटच्या बैठकांत ताई काय वेगळं करत होत्या? रडत होत्याच. पण रडता रडता पाण्याचा ग्लास स्वतः उचलत होत्या, घोट घेऊन वाक्य पुरं करत होत्या. नवऱ्याच्या हट्टीपणाचा किस्सा सांगताना एकाच वाक्यात चिडत आणि हसत होत्या, आणि मधेच अहिराणीतून मराठीत, मराठीतून अहिराणीत जात होत्या, पण आता ते पळणं नव्हतं. निळा शर्ट आठवल्यावर पोटात खड्डा पडतो, हे त्यांनी मला शेवटच्या बैठकीतही सांगितलं. आठवण कुठंही गेली नव्हती. बदललं होतं ते तिच्याकडे जाणं आणि परत येणं. बेलगाम अवस्था येण्याचं प्रमाण कमी झालं, आली तर लवकर निवळायला लागली, पूर्वी कधीच एकत्र न आलेल्या गोष्टी एकत्र यायला लागल्या, आणि अवस्था पालटण्याचं सुकाणू थोडंफार त्यांच्या हातात आलं. बारा बैठकांत मी याहून जास्त काही मागत नाही.

आता तुमच्या भावाचा क्रम घेऊ. पहिल्या दोन बैठकांतला ‘एकदम फरक’ खरा असतो, खोटा नाही. पण तो बरा होण्याचा नसतो, आशा वाटण्याचा असतो. कोणीतरी नीट ऐकलं, दर आठवड्याला एक ठरलेली वेळ आहे, यावर उपाय आहे म्हणतात, एवढ्यानंच माणूस उभारी धरतो. केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेला टप्प्यांचा क्रम असाच आहे: आधी उमेद परत येते, मग लक्षणं कमी होतात, आणि संसार, काम, नाती रुळावर यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. घरचे लोक पहिल्या टप्प्यालाच शेवट समजतात. मग चौथ्या बैठकीनंतर रडणं सुरू झालं की गाडी उलटी फिरली असं त्यांना वाटतं.

मधली उसळी ही संशोधनातही दिसलेली आहे. ॲडेल हेज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नैराश्यावरच्या एका उपचारात पाहिलं की दुखऱ्या विषयाला हात घालण्याच्या टप्प्यात काही पेशंटांची लक्षणं तात्पुरती चढतात, आणि ज्यांच्यात अशी उसळी आली त्यांचा शेवट पुढं जास्त चांगला झाला. याच्या उलट बाजूचाही अभ्यास आहे. टँग आणि डीरुबीस यांनी १९९९ मध्ये दाखवलं की काही जणांत दोन बैठकांच्या मधल्या आठवड्यात अचानक मोठी सुधारणा होते, आणि त्या आधीच्या बैठकीत त्यांच्या विचारात काहीतरी हललेलं असतं. म्हणजे बदल रेघेसारखा सरळ जात नाही. पण यावरून ‘जितकं रडेल तितकं चांगलं’ असा अर्थ काढू नका. मानसोपचार घेणाऱ्यांपैकी शंभरात पाच ते दहा जण खरोखर बिघडतात, हे मायकेल लँबर्ट यांच्यासारख्या संशोधकांनी वारंवार सांगितलं आहे. उसळी कोणती आणि बिघाड कोणता, हे ओळखावं लागतं. उसळीला विषय असतो: तो वडिलांबद्दल, गाडीबद्दल, त्या दिवसाबद्दल रडतो, आणि मधे मधे निवळतो, जेवतो, झोपेचा एखादा तुकडा मिळतो. बिघाडाला विषय उरत नाही. सगळंच काळं होतं आणि मधली मोकळी घटका नाहीशी होते.

सहावीनंतरचं गप्प राहणंही याच नजरेनं बघा. गप्प माणसं सारखी नसतात. पूर्वीचा गप्प भाऊ वडिलांचं नाव निघालं की उठून जात होता. आताचा गप्प भाऊ तेव्हा काय करतो? बसून राहत असेल, खाली बघून का होईना ऐकत असेल, तर तो गप्प राहून आतल्या आत काहीतरी लावतोय. संध्याकाळी एकटाच बागेच्या बांधापर्यंत जाऊन येतोय का? आईला वडिलांबद्दल काही विचारलं का, ‘नाना त्या दिवशी जेवले होते का’ असलं काही? अशी एखादी गोष्ट जरी दिसली तरी ती मला ‘साठ टक्के फरक’ या उत्तरापेक्षा जास्त मोलाची वाटेल. नुसतं दार लावून, तोंड भिंतीकडे करून पडणं असेल तर ते मात्र थेरपिस्टला आजच कळवा.

बारा पुरतात का? बऱ्याच जणांना पुरतात, सगळ्यांना नाही. हॉवर्ड यांच्याच १९८६च्या अभ्यासात साधारण आठ बैठकांपर्यंत निम्म्या आणि सव्वीसपर्यंत तीन-चतुर्थांश पेशंटांत मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली होती. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचं आहे. तिथं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रशिक्षण दिलेल्या पण डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या लोकांना सहा ते आठ बैठका दिल्या, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्यांचा गुण जास्त आला. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे थोड्या बैठका हे गरिबाचं समाधान म्हणून दिलेलं काहीतरी नाही. पण एक नेमकी घटना, एक नेमकी गाठ असेल तिथं त्या जास्त चालतात. लहानपणापासूनचा मार, रोजची दारू, भास-भ्रम, कधी अति आनंद कधी अति खिन्नता असा आजार, यांत बारा बैठकांत आटोपण्याचा आग्रह मी धरत नाही. तुमच्या भावाचं तसं काही पत्रात नाही. दीड वर्ष झालं म्हणून ‘फार उशीर झाला’ असंही काही नाही; शोक सहा महिन्यांनंतरही आयुष्य अडवून बसला असेल तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र नाव आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

आखाजीचा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात आला नसता. गेल्या आखाजीला वडिलांच्या नावानं पाण्याची घागर भरताना तो तिथं बसलाच नाही, शेजारच्या गावाला निघून गेला, असं तुम्ही लिहिलंय. आणि यंदा बारावी बैठक त्याच आठवड्यात. बोस्टनमधले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स मान यांनी १९७३ मध्ये बारा बैठकांची जी पद्धत मांडली, तिचा कणा हाच होता: शेवटची तारीख पहिल्याच वेळी सांगायची, कारण उपचार संपणं हासुद्धा एक वियोग असतो आणि जुना वियोग त्यात पुन्हा जागा होतो. दहावी-अकरावीच्या सुमारास जुनी लक्षणं परत डोकावतात. झोप उडते, चिडचिड वाढते, ‘काही उपयोग झाला नाही’ अशी भाषा येते. हे माहीत नसलं की घरचे हाय खातात आणि पेशंट शेवटच्या बैठकीला जातच नाही. वडील निरोप न घेता गेले, आता हाही निरोप न घेता निघून जातो. तसं होऊ देऊ नका.

त्यामुळे एक काम करा. त्याच्या थेरपिस्टला आखाजीची तारीख आणि गेल्या वर्षीची हकीगत कळवा. भावाला सांगून कळवा, त्याच्या पाठीमागे नको. अकरावी बैठक आखाजीच्या आधी आणि बारावी नंतर घेता येते का विचारा; आठवडाभर मागंपुढं करायला बहुतेक जण तयार असतात. म्हणजे सणाला जे होईल ते बोलायला एक जागा शिल्लक राहील. सुट्टी मिळत असेल तर तुम्ही दोन दिवस आधी या, आखाजीच्या सकाळी धावतपळत नको. घागर त्यानं भरावी की तुम्ही, हे आदल्या दिवशी त्यालाच विचारा. तो ‘दादा, तू भर’ म्हणाला तर निमूट भरा. नुसता शेजारी बसला तरी गेल्या वर्षीपेक्षा ते मोठं आहे. आणि पाहुण्यांसमोर ‘रड, मोकळा हो’ असा आग्रह कोणी करणार नाही, एवढं मात्र आत्या-मावश्यांना आधीच सांगून ठेवा.

घरच्यांनी करायचं थोडंच आहे. रोज रात्री सुरतहून फोन करून ‘आता कसं वाटतंय?’ विचारणं थांबवा. त्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘बरंय’, आणि ते देताना माणूस पुन्हा आवळून धरायला लागतो. त्याऐवजी बागेचं विचारा, केळीची पिलं किती ठेवली, पाणी किती वेळ सोडतोस, आणि बोलता बोलता नानांचं नाव येऊ द्या. आईला समजावा की ओरडणं तिच्यासाठी नाही. पण हात उगारला, वस्तू फेकल्या तर सहन करायचं नाही, तेही थेरपिस्टला सांगायचं. बैठकीत काय बोलणं झालं हे त्याला खोदून विचारू नका. घरात कोणी भगताकडे न्यायचं म्हणत असेल तर त्यावरून भांडत बसू नका, गोळ्या आणि बैठका चालू राहतील एवढंच बघा.

आणि हे नीट वाचा. मरणाची भाषा, ‘नानांकडे जातो’ असं काही बोलणं, उधारी-उसनवारी अचानक मिटवून टाकणं, आवडीच्या वस्तू देऊन टाकणं, किंवा बरेच दिवस बेचैन असलेला माणूस एकाएकी अगदी शांत होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. फवारणीची औषधं शेतातल्या खोलीतून हलवून कुलपात ठेवा. हे तर आजच करा, काही दिसलेलं नसलं तरी. त्याला स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं ते मनात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिल्या गोळ्या. बारावी बैठक झाली म्हणून त्या त्या दिवशी संपत नाहीत. नैराश्याच्या गोळ्या बरं वाटायला लागल्यावरही सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त चालू ठेवतात, आणि थांबवताना डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. शेवटच्या बैठकीच्या आसपास डॉक्टरांचीही वेळ घेऊन ठेवा, म्हणजे पुढचे महिने कोणाकडे आणि किती दिवसांनी दाखवायचं हे त्याच वेळी ठरेल.